तुम्ही विचारलंत म्हणून: ईस्टरनंतरच्या सोमवारी काय?

"नाताळ कळतो हो, बाळ जन्मलं, आनंद झाला. पण ईस्टरचं रोजच्या जगण्यात तुम्ही करता तरी काय?" हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. ईस्टर म्हणजे क्रुसावर मेलेला प्रभू येशू मरणातून उठला, त्या पुनरुत्थानाचा सण. इतर धर्मांचे स्नेही विचारतात, आणि उपासनेला नेमाने येणारी माणसंही विचारतात, फक्त जरा दबक्या आवाजात. काहींना अंडी आणि ससे यांचंच कुतूहल असतं. ते प्रकरण पुष्कळ नंतरचं आणि मुलांच्या गमतीचं, त्यात शिरत नाही.

वर्षातून एकदा येणाऱ्या ईस्टरची तारीख कशी धरायची यावर सुरुवातीच्या मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती समाजांत, बराच वाद होता. सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा, असं ३२५ साली निकिया इथल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेत ठरलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पुनरुत्थानाचा दिवस दर आठवड्याला येत होता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, विश्वासणारे जमत, प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खात. आणि रविवार तेव्हा सुटीचा नव्हता! सम्राट कॉन्स्टंटाईनने तो विश्रांतीचा दिवस ठरवला ३२१ साली. तोवर जवळजवळ तीनशे वर्षं लोक प्रभू उठल्याचा आनंद करून त्याच दिवशी कामाला लागत होते. त्यांतले पुष्कळसे गुलाम होते, त्यांना रजा कोण देणार?

इसवी सन ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानला पाठवलेलं एक पत्र आहे. त्याने काही ख्रिस्ती लोकांची चौकशी केली होती. त्याला कळलं ते एवढंच, की ही माणसं ठराविक दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि शपथ घेतात. शपथ कशाची? चोरी, लूटमार, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव मागितली तर नाकारणार नाही. सुभेदाराला बंडाचा कट सापडायला हवा होता, हाती लागली परत करायची ठेव. माझ्या मते ईस्टर रोजच्या जगण्यात कसा उतरतो याचं इतकं नेमकं वर्णन नंतर फारसं कुणी केलेलं नाही, आणि हे करणारा तर त्यांना शिक्षा देणारा माणूस!

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, उठलेला प्रभू भेटतो तोही असाच. तो त्याला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या दारात जाऊन उभा राहत नाही, की मंदिराच्या अंगणात "बघा" म्हणत नाही. कबरेपाशी आलेल्या त्याच्या शिष्येला, मग्दालीया मरीयेला, तो माळी वाटतो. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांबरोबर तो कित्येक मैल चालतो, आणि ओळख पटते ती जेवायला बसल्यावर. सरोवराकाठी रात्रभर जाळी टाकून थकलेल्यांसाठी तो कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून ठेवतो आणि म्हणतो, "या, न्याहारी करा." मरणावर जय मिळवलेल्याने पहिल्या काही दिवसांत स्वयंपाक केला, ही गोष्ट मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटते.

दारं लावून बसलेल्या शिष्यांना तो "तुम्हांस शांती असो" म्हणतो. येशूच्या अटकेच्या रात्री हेच सगळे पळाले होते. त्या पळण्याचा तो उल्लेखही करत नाही. घरात, नात्यांत, कामाच्या ठिकाणी जुनी उणीदुणी न काढता पुन्हा बोलायला सुरुवात करणं किती अवघड असतं ते आपल्याला ठाऊक आहे. ईस्टरचं काम मला तिथे दिसतं. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास त्या मानाने सोपे.

एक मात्र सांगते, कारण याबाबत फार गोड बोललं जातं. ज्याच्या घरात नुकतंच माणूस गेलंय त्याला "प्रभू उठला आहे, रडू नका" असं सांगू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेशी येशू स्वतः रडला, आणि लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं. विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला उठलेल्या प्रभूने दाखवलेल्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. पुनरुत्थानाने जखमा पुसल्या नाहीत. आशा आहे म्हणून दुःख खोटं ठरत नाही, आणि शोक करणाऱ्याशेजारी गप्प बसणं हीही ईस्टरचीच सेवा आहे.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रातला पंधरावा अध्याय पुनरुत्थानावरचा सगळ्यांत मोठा उतारा आहे, अठ्ठावन्न ओव्यांचा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं तो तिथे ठणकावतो. मरणाला उद्देशून तुझी नांगी कुठे आहे असं विचारतो, आणि शेवटी सांगतो की प्रभूमध्ये केलेले तुमचे श्रम वाया जाणार नाहीत. आणि लगेच पुढची ओळ? यरुशलेमच्या भावंडांसाठी गोळा करायच्या वर्गणीची. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. अध्यायांचे आकडे पुष्कळ शतकांनी पडले. पौलाच्या पत्रात मरणावरचा जय आणि वर्गणीचा हिशेब यांच्यामध्ये रेघसुद्धा नव्हती. म्हणून ईस्टरच्या उपासनेत पंधरावा अध्याय वाचून थांबतात तेव्हा मला चुटपुट लागते. पुढच्या चार ओव्याही वाचाव्यात, पैशांच्या आहेत म्हणून गाळू नयेत.