शिकागोचे ३२६ डॉलर

परिषद अडीच दिवसांची होती आणि तिचे पैसे परत मिळायला अकरा आठवडे लागले. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते परिषदेबद्दल कमी आणि आमच्या विद्यापीठातल्या हिशेब विभागाच्या खिडकीबद्दल जास्त आहे, हे आधीच सांगतो.

मी तेव्हा आयोवात एमएस करत होतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एलजीबीटी, म्हणजे समलैंगिक, ट्रान्स वगैरे, विद्यार्थ्यांची, कर्मचाऱ्यांची आणि प्राध्यापकांची एक परिषद नव्वदच्या दशकापासून भरायची. दर वर्षी गाव बदलायचं. २०१६ला पर्ड्यू विद्यापीठात होती, २०१७च्या फेब्रुवारीत शिकागोला, नेव्ही पिअर नावाच्या तळ्यावरच्या धक्क्यावर. नाव एमबीएलजीटीएसीसी. इंग्रजीत आठ अक्षरं आणि मध्ये श्वास घ्यायला एक स्वरही धड नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

जाणं सोपं होतं. आमच्या विद्यापीठातल्या एलजीबीटी गटाला विद्यार्थी परिषदेकडून निधी मंजूर झाला, नोंदणीचे पैसे गटाच्या कार्डावरून गेले, विद्यापीठाच्या दोन व्हॅन मिळाल्या. जानेवारीच्या शेवटी सात देशांच्या नागरिकांवरचा तो प्रवेशबंदीचा आदेश निघाला होता, म्हणून आम्ही परदेशी मुलं उगाच धास्तावलो होतो. खरं तर देशातल्या देशात फिरायला व्हिसाचा काही संबंध नसतो. तरी मी पासपोर्ट बनियनच्या आत बांधून नेला.

गोची हॉटेलच्या काउंटरवर झाली. गटाचं कार्ड आमच्या सल्लागार बाईंच्या नावावर, आणि त्या दुसऱ्या व्हॅनमध्ये, दीड तास मागे. हॉटेलवाला म्हणाला, ज्याचं कार्ड तो माणूस समोर हवा. रात्र झालेली, पोरं पेंगलेली. मी आपलं डेबिट कार्ड पुढे केलं. चौघांची खोली, दोन रात्री, ३१२ डॉलर. त्यावर १४ डॉलरचा नाश्ता. एकूण ३२६. विद्यापीठाच्या खानावळीत मी ताशी ७.२५ डॉलरवर भांडी धुवायचो. म्हणजे पंचेचाळीस तासांची भांडी मी एका सहीत देऊन टाकली. (तुम्ही जाणार असाल तर ज्याच्या नावाचं कार्ड त्याला पहिल्या गाडीत बसवा. बाकी सगळा सल्ला विसरलात तरी चालेल.)

परिषदेबद्दल दोनच गोष्टी सांगतो. एक, फेब्रुवारीत शिकागोला वीस अंश सेल्सिअस होतं. लोक तळ्याकाठी अर्ध्या बाह्यांत हिंडत होते आणि आईने पाठवलेलं लोकरीचं सगळं सामान खोलीत पडून. दुसरी, बिल्ल्यावर नावाखाली स्वतःचं सर्वनाम, म्हणजे लोकांनी तुम्हाला ‘तो’ म्हणायचं की ‘ती’, ते लिहायचं होतं. इंग्रजीत ते दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल बोलण्यापुरतं असतं. मी मराठीत विचार करत बसलो, की आपल्याकडे तर ‘मी आलो’ म्हटलं की स्वतःच्याच तोंडाने पत्ता दिला. शेजारी बसलेल्या तेलुगू मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्यात ‘मी आलो’ला तसलं काही नाही. मला तिचा क्षणभर हेवा वाटला.

आता खिडकी.

सोमवारी बिलं घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी पिवळा फॉर्म दिला, भरला, दिला. मग त्या सहज म्हणाल्या, रक्कम तुझ्या फीच्या खात्यात जमा होईल, आठवड्याभरात.

फीचं खातं. ते खातं मी उघडत नसे, माझे बाबा उघडत. बाबा सांगलीच्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. घर तारण ठेवून माझं शैक्षणिक कर्ज काढलेलं, आणि फी तेच भरायचे म्हणून विद्यापीठाने त्यांना खातं बघायची परवानगी दिलेली. बरं, ती मागायला मीच सही केलेली. दर एक तारखेला चहाबरोबर बाबा ते खातं उघडत. एकदा ३८ सेंटचा फरक दिसला तर त्यांनी रात्री मला उठवून विचारलं होतं.

मी बाईंना विचारलं, रकमेपुढे काय लिहून येईल? त्यांनी संगणकाचा पडदा वळवून दाखवला. कार्यक्रमाचं नाव. आठही अक्षरं, ठळक. बाबांना त्यांचा अर्थ लागला नसता हे खरं, पण न कळलेली नोंद तशीच सोडणारा माणूस बँकेत तीस वर्षं टिकत नाही. त्यांनी ती अक्षरं गूगलमध्ये टाकली असती. त्या वेळी भारतात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जिवंत होतं, २०१३च्या निकालाने पुन्हा उभं केलेलं. म्हणजे त्यांना मुलगा आणि कायदा दोन्ही एकाच पानावर सापडले असते.

नाव बदलता येईल का? नाही. नुसतं ‘प्रवास’ लिहाल? नाही. वडिलांची परवानगी काढून टाकू का? हे मी स्वतःलाच विचारलं. एक तारखेला खातं उघडलं नाही की त्यांचा फोन आलाच. मी फॉर्म परत घेतला.

दुसऱ्या खेपेला वेगळंच निघालं. माझ्या खोलीतल्या एका मित्राने परिषदेत नोंदणी स्वतः निवडलेल्या नव्या नावाने केली होती आणि विद्यापीठाच्या दप्तरी त्याचं जुनं नाव. खोलीत चौघे कोण हे जुळेना, म्हणून माझं बिल अडलं. सल्लागार बाईंनी पत्र दिलं. तुमच्या गटात असं कोणी असेल तर हे पत्र निघायच्या आधीच घेऊन ठेवा, म्हणजे त्याला परक्यांसमोर जुनं नाव उच्चारत उभं राहावं लागत नाही. तो तिथे उभा राहिला. मला अजून त्या गोष्टीचा राग आहे.

तिसऱ्या खेपेला रांग होती. माझ्या मागे कोथरूडचा एक मुलगा, आमच्या गणपतीत ढोल वाजवणारा, “काय रे, इकडे कुठे?” म्हणत. खिडकीला जाड काच, खाली चार बोटांची फट. हळू बोललेलं आत जात नाही आणि जोरात बोललेलं कोथरूडपर्यंत जातं. बाई विचारताहेत, खात्यात का नको? मी म्हटलं, वैयक्तिक कारण आहे. त्या म्हणाल्या, तसला रकाना नाही.

मग मी पिवळ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं: हे खातं माझे वडील बघतात, त्यांना माहीत नाही. फटीतून आत सरकवलं.

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, दोन ओळींना लागतो त्यापेक्षा जास्त. कागदाची घडी घालून मला परत दिली, नवा फॉर्म काढला आणि म्हणाल्या, चेक मागव. म्हणजे वाट पहिल्यापासून होती! मला पुरवठादार म्हणून नोंदवायचं, जसं खडू आणि लिहायचे फळे पुरवणाऱ्याला नोंदवतात तसं, आणि चेक टपालाने घरी. ही गोष्ट पहिल्या सोमवारी सांगितली असती तर? पण मी तरी पहिल्या सोमवारी कारण कुठे सांगितलं होतं.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्याच्या, व्हिसावरचा पुरवठादार म्हटल्यावर फाइल कर विभागात गेली. तिथे ती सात आठवडे झोपली. मूळ बिलं नसतील तर असे पैसे उत्पन्न धरून त्यावर कर कापू शकतात, म्हणून हॉटेलचं सविस्तर बिल निघतानाच मागून घ्या, कार्डाची चिठ्ठी चालत नाही. माझ्याकडे नाश्त्याची नुसती चिठ्ठी होती. मे महिन्यात चेक आला, ३१२ डॉलरचा. तळाशी फाडायच्या पट्टीवर आठ अक्षरं.

मी तीन दिवस ती पट्टी खिशात घेऊन फिरलो.

बाबांना मी शिकागोला ‘कॉन्फरन्स’ म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं, “प्रमाणपत्र देतात का? पाठव, आईला दाखवतो.” मी विषय बदलला होता.

६ सप्टेंबर २०१८ला ३७७चा निकाल लागला, असे संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा सांगितलं. आई रडली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गच्चीवर आले, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, बंद केलं.

“ती शिकागोची कॉन्फरन्स याचीच होती का रे?”

“हो.”

“विद्यापीठाने खर्च पूर्ण दिला?”

“चौदा डॉलर कमी दिले. नाश्त्याचे.”

“मग अर्ज करायचास,” बाबा म्हणाले. “असे कसे सोडलेस?”