डेट्रॉईटला गाड्या बघायच्या नव्हत्या म्हणून...

ऑफिसच्या कामाने डेट्रॉईटला गेलेलो, एक शनिवार मोकळा मिळाला. मामेभाऊ तिकडेच राहतो, तो म्हणाला चल कारचं म्युझियम दाखवतो, मी म्हटलं बाबा रे, चाकणला रोज गाड्यांच्या असेंब्ली लाइनवरच उभा असतो, सुट्टीच्या दिवशी तरी गाड्या नकोत. मग त्याने वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर एका साध्याशा दुमजली घरापुढे कार लावली. पांढरं घर, निळी पट्टी, वर ठळक अक्षरात 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. आपल्याकडे असल्या घरात फार तर दातांचा दवाखाना निघतो. इथे मोटाऊन निघालं, गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी.

आणि गाड्यांनी पाठ काही सोडली नाहीच! हे उभं करणारा बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरी गाड्यांच्या प्लांटमध्ये लाइनवर होता, हात कामात आणि डोक्यात गाणी. १९५९ ला घरच्यांच्या सामायिक फंडातून ८०० डॉलर उचलले आणि कंपनी काढली (भिशी हो, दुसरं काय). डोक्यात मात्र लाइनच. एकाने गाणं लिहायचं, ठरलेल्या वादकांनी वाजवायचं, मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई गाणाऱ्या पोरापोरींना उठणं-बसणं-चालणं शिकवणार आणि दर शुक्रवारी मीटिंग, गाणं पास का रिजेक्ट. म्हणजे आमचं क्यूसीच (क्वालिटी कंट्रोल) की!

रेकॉर्डिंगच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलखालची जमीन बघितली, ताल धरून पाय आपटून आपटून झिजलीय. मी तिथेच रेंगाळलो. आमच्याकडे पण जुन्या स्टेशनवर ऑपरेटर जिथे उभा राहतो तिथे अशीच फरशी झिजते.

आता ही गाणारी पोरं आली कुठून तर मूळची अमेरिकेच्या दक्षिणेतली. १९१० ते १९७० च्या दरम्यान साधारण ६० लाख कृष्णवर्णीय लोक तिकडून निघाले, जिम क्रोचे कायदे (काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे) आणि लिंचिंगची, म्हणजे जमावाकडून मारलं जाण्याची, भीती मागे टाकून, आणि डेट्रॉईटला कारखान्यांत पगार बरा होता. गॉर्डीचे आईवडील पण जॉर्जियाचे. येताना चर्चमधलं गाणं सोबत आलं, त्याला कारखान्याची शिस्त लागली आणि हा साउंड तयार झाला असं मला तरी वाटतं.

पण विकायचं होतं गोऱ्यांनासुद्धा. मोटाऊनच्याच आयस्ली ब्रदर्स ह्या कृष्णवर्णीय गायक भावांचा १९६६ चा अल्बम घ्या, कव्हरवर ते तिघे भाऊ नाहीतच, समुद्रकिनाऱ्यावर एक गोरं जोडपं बसलंय! आवाज चालतो, चेहरा नको. गंमत म्हणजे ह्याच कंपनीने १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंगचं डेट्रॉईटमधलं भाषण रेकॉर्ड करून विकलं होतं.

१९६७ च्या जुलैमध्ये दंगलीत शहर पेटलं, ४३ माणसं गेली. १९७२ ला कंपनी लॉस एंजेलिसला हलली. मामेभाऊ बाहेर आल्यावर समजवायला लागला की मग मागे राहिलेल्या वादकांचं वगैरे काय झालं, मी म्हटलं राहू दे, प्लांट शिफ्ट झाल्यावर काय होतं ते मला नको सांगूस.