धरून देणं, सोपवून देणं

सोमवार, रात्री उशिरा

आज पुन्हा फोनमधलं ते फोल्डर उघडलं. ४३ स्क्रीनशॉट आहेत त्यात. सकाळी ती माझ्याशी काय बोलली आणि दुपारी दुसऱ्यांना काय कळवलं, सगळं तारीखवार लावून ठेवलंय मी. सतराव्या चित्रापाशी दर वेळी बोट थांबतं. तिथे तिचं एकच वाक्य आहे : "तिच्यासाठी प्रार्थना करा, ती सध्या भानावर नाही." माझी झोप उडाली आहे, कामात चुका होतायत, हे तिला मीच सांगितलं होतं. दोघी गुडघे टेकून बसलो होतो तेव्हा. माझा हात तिच्या हातात होता.

चार वर्षं आम्ही दर आठवड्याला एकत्र प्रार्थना केली. मंडळीच्या सेवेतल्या ज्या जबाबदारीवरून मला बाजूला केलं गेलं, ती आज तिच्याकडे आहे. एवढंच लिहिते. त्यापुढे लिहायला लागले की रोजनिशीचं आरोपपत्र होतं. मागची कितीतरी पानं तशीच झाली आहेत.

झोप येईना म्हणून बायबलमधलं स्तोत्र ५५ काढलं. दावीद म्हणतो, निंदा करणारा वैरी असता तर मी सोसलं असतं, त्याच्यापासून लपता तरी आलं असतं. पण तू? माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, आपण दोघं घोळक्यातून देवाच्या घरी बरोबर जायचो. आणि पुढे ती ओळ, की त्याचं बोलणं लोण्यासारखं मऊ आणि मनात मात्र लढाई. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी माझं सतरावं चित्र पाहिलं होतं.

आपला भार परमेश्वरावर टाक, हे वचन याच स्तोत्रातलं. लहानपणापासून पाठ आहे. पण ते बाविसावं आहे हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. त्याआधी एकवीस वचनं दावीद तळमळतोय, कबुतरासारखे पंख असते तर उडून गेलो असतो म्हणतोय. ही माणसं जिवंतपणी अधोलोकात उतरोत, असंही म्हणतोय. गेल्या दोन महिन्यांत मला निदान दहा जणांनी बाविसावं वचन सांगितलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आधीची एकवीस वचनं माझ्याजवळ बसून कोणी वाचली नाहीत. आज मी ती मोठ्याने वाचली. शब्द न गाळता, अधोलोकाचाही. देवाला ते ऐकवत नसते तर पवित्र शास्त्रात राहिलेच नसते.

बुधवार

तिचा मेसेज आला. "एकदा भेटून मोकळेपणाने बोलू या, फक्त आपण दोघी."

मन लगेच विरघळलं, हे खरं लिहून ठेवते. चार वर्षांची सवय आहे ती. पण यापूर्वी दोनदा मी अशीच एकटी गेले होते, आणि दोन्ही वेळा माझेच शब्द वाकवून, वळवून दुसऱ्यांच्या तोंडून परत माझ्यापर्यंत आले.

दुपारभर नहेम्याचा सहावा अध्याय वाचत होते. फसवणुकीवर इतकं बारकाईने लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. यरुशलेमचा पडलेला कोट नहेम्या पुन्हा बांधतोय, तो जवळजवळ पुरा झालाय, फक्त वेशींना दारं बसायची आहेत. आणि नेमका तेव्हाच त्याचे शत्रू सनबल्लट आणि गेशेम यांचा निरोप येतो, ये, ओनोच्या मैदानातल्या एखाद्या गावी भेटू. भांडू असं म्हणत नाहीत, भेटू म्हणतात. एकदा नाही, चार वेळा. नहेम्या चारही वेळा एकच उत्तर देतो की मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही. पाचव्या वेळी चाकराच्या हातात पत्र येतं, आणि ते उघडं असतं. मोहोर नाही. वाटेत ज्याला वाचायचं त्याने वाचावं, यासाठीच ते उघडं. आत काय, तर सगळीकडे बोललं जातंय की तू राजा व्हायला बघतोस, गेशेमही तसंच म्हणतो. म्हणजे स्वतः काही बोलायचं नाही, लोक म्हणतात म्हणायचं, आणि वर काळजीने भेटायला बोलवायचं.

"तिच्यासाठी प्रार्थना करा." तेही उघडं पत्रच होतं.

नहेम्या त्यावर दोन वाक्यांत बोलतो. असं काही झालेलं नाही, हे तू मनाने रचतोस. आणि मग थेट देवाकडे वळून, माझे हात बळकट कर. लांबलचक खुलासा नाही, घरोघर जाऊन स्वतःची बाजू मांडणं नाही. मला हे सगळ्यात अवघड जातं. मी दोन महिने नुसते खुलासे करतेय.

आणि इतकं झाल्यावर नहेम्या शमाया नावाच्या माणसाच्या घरी जातो. शमाया म्हणतो, रात्री तुला मारायला येतील, चल, मंदिरात लपू, दारं लावून घेऊ. भाषा देवाची, शब्द संदेष्ट्याचे. नहेम्याच्या ध्यानात येतं की याला देवाने पाठवलेलं नाही, पैसे देऊन ठेवलेला माणूस आहे. भक्तीच्या भाषेत घातलेली भीती ओळखायला वेळ लागतो. मला चार वर्षं लागली. शेवटी कोट ५२ दिवसांत पुरा झाला, अलूल या यहुदी महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी. शत्रू मात्र त्यानंतरही होते. त्यांच्यातल्याच तोबीयाची पत्रं येतच राहिली, असं त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलंय. हे वाचून मला बरं वाटलं. काम पूर्ण व्हायला त्रास थांबावा लागत नाही.

पण मग मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचं काय? भावाने अपराध केला तर एकांतात त्याला दाखव. ते मी केलं, दोनदा. त्यापुढचं वचन सांगतं, ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर घे. तेवढंच तिला कळवलं : "भेटू या, पण ताईही आपल्याबरोबर बसतील." ताई आमच्या मंडळीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे वाचलं. रात्र झाली, उत्तर नाही.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण मला कोणी वेळेवर सांगितली नाही. सावध राहणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रेषित पौल कैदेत असताना त्याला ठार मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही अशी शपथ चाळीसहून जास्त लोकांनी घेतली होती. त्याच्या भाच्याला ते कळलं, तेव्हा पौलाने त्याला रोमी सरदाराकडे पाठवलं आणि रात्रीतून सैनिकांच्या पहाऱ्यात तो कैसरियाकडे निघाला. देवावर भरवसा आहे म्हणून गप्प बसून राहिला नाही. आणि येशूबद्दल योहान लिहितो की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांच्याही भरवशावर त्याने स्वतःला सोडलं नाही, कारण माणसात काय असतं ते त्याला ठाऊक होतं. तरी प्रेम करत राहिला. दोन्ही एका वेळी करता येतं, हे मी अजून शिकतेय.

शुक्रवार, पहाटे

काल ताईंकडे गेले होते. त्यांनी एक शब्द दाखवला आणि रात्रभर तोच डोक्यात आहे.

मला ग्रीक येत नाही. त्यांना थोडं येतं. यहूदा या शिष्याने येशूला धरून दिलं, तिथे मूळ शब्द आहे पारादिदोमी, म्हणजे एखाद्याच्या हाती देणं, स्वाधीन करणं. मग ताईंनी पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. येशूची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, दुःख भोगताना धमकावलं नाही, तर नीतीने न्याय करणाऱ्याकडे सोपवून दिलं. "सोपवून दिलं" इथेही तोच शब्द आहे. आपल्या भाषेत एकीकडे धरून देणं आणि दुसरीकडे सोपवून देणं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

यहूदाने त्याला याजकांच्या हाती दिलं, ३० रुप्यांसाठी. याजकांनी रोमी सुभेदार पिलाताच्या हाती, पिलाताने शिपायांच्या. त्याच रात्रीत आणि दिवसात तो स्वतः एक देणं करत होता, पित्याच्या हाती. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, पित्याने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांसाठी दिलं. तिथेही तोच शब्द. ताई म्हणाल्या, "तुला कोणी तरी धरून दिलं हे खरंय. ते पुसता येणार नाही. पण त्यानंतर तू कोणाच्या हाती आहेस, ते बघ."

मी विचारलं, "सोपवायचं म्हणजे सोडून द्यायचं ना?" त्या म्हणाल्या, "अगं नाही. सोडून दिलं तर खटलाच बंद. सोपवलं म्हणजे खटला चालू आहे, फक्त तुझ्या टेबलावर नाही."

शनिवार

हार्लेमच्या कोरी टेन बूम यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या त्यांच्या घरात ज्यू लोकांना नाझींपासून लपवलं जायचं. मदत मागायला आलेल्या एका माणसाने विश्वासघात केला आणि २८ फेब्रुवारी १९४४ रोजी घरावर धाड पडली. वडील तुरुंगात वारले, बहीण राफेन्सब्र्यूकच्या नाझी छावणीत. १९४७ साली जर्मनीत त्याच छावणीचा एक पूर्वीचा पहारेकरी पुढे येऊन हात करतो, आणि त्यांचा हात वर उठत नाही. प्रार्थना केल्यावर उठतो. हे मी कितीदा ऐकलंय.

मला मात्र त्यांची दुसरी, लहान आठवण जास्त जवळची वाटते. पुढे काही ख्रिस्ती स्नेह्यांनीच त्यांना दुखावलं. आपण क्षमा केली असं त्या म्हणायच्या, पण त्यांची पत्रं पुरावा म्हणून जपून ठेवली होती. छावणीच्या पहारेकऱ्याला क्षमा करणारी बाई, आणि मित्रांची पत्रं कपाटात. शेवटी त्यांनी ती जाळली.

मी जाळू शकत नाही. चौकशी व्हायची आहे, आणि माझ्यानंतर आणखी कोणाच्या बाबतीत हे होऊ नये असं मला खरंच वाटतं. पौलानेही तीमथ्याला लिहिताना आलेक्सांद्र तांबटाचं नाव घेतलंय, त्याने माझं फार वाईट केलं, तूही त्याच्यापासून जप. झाकलं नाही. पण फेड कोण करील हेही त्याच वाक्यात आहे, प्रभू करील.

आज दुपारभर एकच विचार. मेलेल्यांतून उठल्यावर येशू कोणाकोणाला भेटला? बागेत मरीयेला, बंद दारांमागे घाबरून बसलेल्या शिष्यांना, तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला. महायाजक कयफाच्या वाड्यावर तो गेला नाही. पिलातासमोर जाऊन उभा राहिला नाही. शुभवर्तमानांत तरी तसं कुठे लिहिलेलं नाही. जिंकल्यावर एकदा तरी त्यांच्या दारात जाऊन बघा म्हणावं, इतकं तर मी नक्की केलं असतं. रोज रात्री मनात तेच करते मी. सगळ्यांसमोर उभी राहते, ४३ चित्रं एकेक करून दाखवते, ती खाली मान घालते. माझी आशा म्हणजे एवढंच दृश्य झालं होतं. ते कधीच घडलं नाही तर? आजवर या प्रश्नाला मी घाबरत होते. आज तितकी भीती वाटली नाही. तो जिवंत आहे, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, न्याय त्याच्याकडे आहे. माझी बाजू त्याने पाहिलेली आहे, तारीखवार.

संध्याकाळी ४३ चित्रं ताईंना पाठवली. "तुमच्याकडे सोपवते," एवढंच लिहिलं. त्यांचं "मिळाली" आल्यावर माझ्या फोनमधलं फोल्डर पुसलं. फोन विचारतो, नक्की पुसायचं का? बराच वेळ बोट तसंच धरून बसले होते.

रविवार

प्रभुभोजन होतं. ती माझ्या पुढच्या रांगेत, डावीकडे. बुधवारच्या मेसेजचं उत्तर अजून नाही. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

पाळकांनी नेहमीचे शब्द वाचले, ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. पौलाला ती वल्हांडण सणाची रात्र म्हणता आली असती, वधस्तंभाच्या आदली रात्र म्हणता आली असती. त्याने ओळख दिली ती विश्वासघाताची. त्या रात्री, धरून देणारा कोण ते माहीत असताना, भाकर हातात घेऊन आभार मानले.

आभार मानणं मला जमलं नाही. भाकर मात्र घेतली. तिचं नाव मनात घेतलं आणि एकच शब्द म्हटला, सोपवते. गळा दाटून आला, राग पूर्ण गेलेला नव्हता. ताट पुढच्या रांगेकडे सरकवायचं होतं. तिने मागे वळून दोन्ही हात पुढे केले आणि मी ते तिच्या हातात दिलं.