तीन वर्षं पोसलेला खुंट

जालना हे मोसंबीचं गाव. इथं गच्चीवर द्राक्ष लावायचं खूळ डोक्यात शिरलं ते एका रिकाम्या निळ्या ड्रममुळं. 2012 च्या दुष्काळात पाणी साठवायला 200 लिटरचे दोन ड्रम घेतले होते. पुढं जायकवाडीचं पाणी गावात आलं आणि त्यातला एक अडगळीत गेला. तो मधोमध कापला. एका अर्ध्यात हिनं अळू लावला, दुसऱ्यात मी द्राक्ष. अळू पहिल्याच पावसाळ्यात वड्यांच्या कामी आला. माझी गोष्ट जरा लांबली.

पहिली चूक मातीची. शेतातून हौसेनं काळीभोर माती आणली. जमिनीत ती लोण्यासारखी असते, पण ड्रममध्ये तिचा स्वभाव बदलतो. उन्हाळ्यात भेगाळून कडेपासून सुटते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ गच्चीवर. पावसाळ्यात आठ-आठ दिवस नुसता चिखल, वर पानं पिवळी. निम्मी माती उपसून मुरूम आणि शेणखत कालवलं, तेव्हा कुठं वेल तरारली.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती चूक आहे हे मला तीन वर्षं कळलंच नाही.

रोप थॉमसन या जातीच्या द्राक्षाचं कलम म्हणून आणलेलं. त्याला दोन फुटवे होते. एक पट्टी बांधलेल्या सांध्याच्या वरचा, बोटभर, मरतुकडा. दुसरा सांध्याच्या खालून, मातीलगत निघालेला, आणि काय त्याची उमेद! मी बँकेत नोकरी केलेला माणूस. वाढ दिसेल तिथं गुंतवणूक करायची, एवढंच शिकलेलो. वरचा खुडला, खालचा ठेवला.

त्यानं उपकार फेडल्यासारखी वाढ केली. दोन वर्षांत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काबीज केल्या, तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीला मिठी मारली. पाणी आठवड्याच्या अंतरानं येवो, नाहीतर बोअरचं मचूळ पाणी घाला, त्याचं काही अडत नव्हतं. गच्चीवर चांगली सावली पडायची. घड मात्र एकही नाही. शेजारी विचारायचे, मी म्हणायचो, "औंदा लागतील."

मग उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका घेऊन मेव्हणा आला. त्याची बाग कडवंचीच्या शिवारात. जालना तालुक्यातलंच हे गाव. 1996 च्या सुमारास तिथं पाणलोटाचं काम सुरू झालं, पुढं शेततळी झाली. ज्या दुष्काळात मी ड्रम विकत घेत होतो, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळत होत्या, त्या दुष्काळात कडवंचीची द्राक्षं तगली होती. असा माणूस गच्चीवर आला, त्यानं एक पान उलटं करून अंगठा फिरवला, खाली वाकून बुंधा पाहिला आणि चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"दाजी, तुम्ही तीन वर्षं खुंट पोसू राहिले. हे डॉगरिज आहे."

डॉगरिज म्हणजे मूळची टेक्सासकडची रानवेल. खारं पाणी, पाण्याचा ताण, सगळं सोसते. म्हणून आपल्याकडं बागवाले खुंट म्हणून आधी ती लावतात आणि तिच्यावर थॉमसन, सोनाका, माणिक चमन असं हवं ते कलम बांधतात. ती लावायची मुळांसाठी, फळांसाठी नाही. मी खुडला होता तो थॉमसन.

"सावली मात्र झकास पडली बरं," असं म्हणून त्यानं जखमेवर मीठ चोळलं. हिला तर हसू आवरेना.

ऑक्टोबरात तो ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून घेऊन आला. माझा तीन वर्षांचा पसारा त्यानं दीड फुटावर कापला, तेव्हा मी जिन्याकडं बघत होतो. बुंध्याला मधोमध चीर दिली. पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागांची, काडी खालून पाचरीसारखी दोन्हीकडून तासली आणि त्या चिरेत बसवली. "एका बाजूनं तरी सालीला साल भिडली पाहिजे. मधोमध देखणी बसवली अन् साल भिडली नाही, तर वाळून जाती." वर प्लॅस्टिकची पट्टी गच्च. दिवाळीच्या आसपास एक डोळा फुगला.

वाढीचं सगळं सांगत बसत नाही. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात बसली आहे. आपण घड पाहतो थंडीत, पण तो काडीच्या डोळ्यात धरतो एप्रिल-मेच्या उन्हात. म्हणून बागवाले एप्रिलला खरड छाटणी करतात, नव्या काड्या उन्हात पिकवतात आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून तोच डोळा फोडतात. पानांच्या गर्दीनं ऊन आत पोचलं नाही, तर डोळा वांझ. जालन्याच्या मे महिन्याला मी आयुष्यभर शिव्याच घातल्या. आता दुपारी दोनला टोपी घालून गच्चीवर जातो आणि काड्यांवरची पानं बाजूला सारतो.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला येऊन गेला. तिथल्या वेलींना वर्षातून दोनदा द्राक्षं येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. दौलताबाद इथून दोन तासांच्या आत. मेव्हण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आम्ही छाटतो दोनदा, पैसे मात्र एकदाच. त्याला भाव विचारला का कुणी?"

पहिल्या फळछाटणीला मेव्हणा म्हणाला, डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. ते औषध विषारी, घरात नातवंडं, मी नको म्हटलं. मग डोळे आपापल्या मर्जीनं फुटले, कुणी दसऱ्याला, कुणी दिवाळीला. मध्येच अवकाळी आला, पानांवर केवडा रोगाचे तेलकट डाग पडले, चार घड गेले. बुलबुलांनी दोन नेले. महाशिवरात्रीला उरलेले पाच उतरवले. मणी लहान, जरा आंबूस. हिनं पहिली वाटी देवापुढं ठेवली, दुसरी अळू मागायला येणाऱ्या शेजारणीला दिली.

यंदाची खरड छाटणी मी एकट्यानं केली. मात्र सांध्याच्या खालून डॉगरिजचे कोंब अजूनही येतात. वरच्या कुठल्याही फुटव्यापेक्षा जाड, तुकतुकीत. दर आठवड्याला ते नखानं खुडतो, आणि दर वेळी हात जरा अडखळतोच.