किशोरवयीन मुलीची धडधड आणि अ‍ॅब्लेशनचा निर्णय: माझा अनुभव

लेकीला एसव्हीटी (हृदयाचे ठोके अचानक फार जलद पडण्याचा विकार) आहे हे कळल्यावर अ‍ॅब्लेशन (त्यामागची हृदयातली जागा कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, डाग देऊन बंद करणं) करायचं की नाही, हा प्रश्न लगेच समोर येतो. माझ्या मते तो थोडा मागे ठेवावा. हृदयातली विद्युत संदेशांची जादा वाट नेमकी कुठली आणि एव्ही नोडपासून (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश पोचवणारं केंद्र) किती लांब, हे आधी विचारावं. आमचा सगळा निर्णय शेवटी त्या उत्तरावरच उभा राहिला.

सुरुवात ईसीजीपासून होते, आणि तोही धडधड चालू असतानाचा हवा. एसव्हीटीचा झटका एका ठोक्यात सुरू होतो आणि एका ठोक्यात थांबतो. मूल शांत बसलेलं असतानाही नाडी 180 ते 240 च्या घरात जाते. भीतीने, तापाने किंवा धावण्याने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. हा फरक नीट सांगितला नाही तर वयात आलेल्या मुलीवर, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत, ‘टेन्शन’चा शिक्का फार पटकन बसतो. म्हणून डॉक्टरांना ‘खूप धडधडतं’ एवढंच सांगू नका. झटका कशाने सुरू झाला, किती वेळ टिकला, कसा थांबला, गळ्यात ठोके उडत होते का, चक्कर आली का, हे सगळं लिहून न्या.

दोन झटक्यांच्या मधला ईसीजी बहुतेक वेळा अगदी नॉर्मल येतो. अपवाद डब्ल्यूपीडब्ल्यूचा (वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी जादा वाट जन्मतः असण्याचा प्रकार), कारण त्यात एरवीही डेल्टा वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीचा तिरका चढ, दिसू शकते. झटके महिन्यातून एकदा येत असतील तर 24 तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) काही सापडण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी जास्त दिवस लावून ठेवायचा पॅच किंवा इव्हेंट रेकॉर्डर मागावा. घड्याळातला एका लीडचा ईसीजी पूर्ण निदान करत नाही, पण वेग किती होता आणि ठोके नियमित होते का एवढं तो दाखवतो, तेव्हा तो जपून ठेवा. झटका चालू असताना दवाखान्यात पोचलात आणि मुलीची स्थिती ठीक असेल, तर औषध देण्याआधी 12 लीडचा ईसीजी काढायला सांगा. अ‍ॅडेनोसिन (झटका तोडणारं औषध) देतानाही ईसीजीची पट्टी चालू ठेवायला सांगा, कारण झटका कसा तुटला यावरून तो कुठल्या प्रकारचा हे ओळखायला मदत होते. हे इंजेक्शन शिरेत झटकन देतात. काही सेकंद छाती आवळते आणि आता काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. हे मुलीला आधी सांगायलाच हवं. दमा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा.

घरी करायचा उपाय म्हणजे सुधारित वल्साल्वा. मुलीला अर्धवट टेकून बसवायचं आणि 10 मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, 15 सेकंद फुंकायला लावायचं. लगेच तिला सपाट झोपवून पाय 45 अंशांत 15 सेकंद वर धरायचे. 2015 साली प्रौढांवरच्या एका चाचणीत या पद्धतीने 43 टक्के झटके थांबले, नुसतं फुंकून 17 टक्के. पाय वर घेणं इथे महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण नेमकं तेच विसरतात. मात्र शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा श्वास लागला, तर हे करत न बसता थेट इमर्जन्सीत जायचं.

पुढचे मार्ग तीन: वाट पाहणं, औषध आणि अ‍ॅब्लेशन. हृदयाची रचना इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) नॉर्मल असेल आणि प्रकार एव्हीएनआरटी (एव्ही नोडपाशीच गोल फिरणारा झटका) असेल, तर झटका त्रासदायक असतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. म्हणजे विचाराला वेळ असतो. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये हिशेब वेगळा. तिथे एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) सुरू झालं तर जादा वाटेवरून ठोके बेफाम वेगाने खाली उतरू शकतात. त्या वेळी जादा वाटेने उतरलेल्या दोन ठोक्यांतलं सर्वांत कमी अंतर 250 मिलिसेकंद किंवा त्याहून कमी भरलं, तर ती वाट धोक्याची मानतात आणि झटके कमी असले तरी अ‍ॅब्लेशन सुचवतात. याच कारणाने डब्ल्यूपीडब्ल्यूत व्हेरापामिल आणि डिगॉक्सिन ही औषधं टाळतात.

‘मोठी झाली की जाईल’ हे मलाही खूप जणांनी सांगितलं. तान्ह्या बाळांची एसव्हीटी पहिल्या वर्षात बऱ्याचदा जाते, हे खरं. किशोरवयात आलेली आपोआप जाण्याची आशा मात्र कमीच. बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या) गोळ्यांनी झटके कमी होतात, पण वाट तशीच राहते. थकवा येतो, खेळताना दम पुरत नाही, दमा असेल तर अडचण, आणि गोळी रोज न चुकता घेणं या वयात अवघड. तरीही झटके क्वचित, छोटे आणि फुंकून थांबणारे असतील, तर नुसतं थांबणं हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. त्यासाठी कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. अनुभवी केंद्रात एव्हीएनआरटी आणि डाव्या बाजूच्या वाटांमध्ये यश साधारण 95 टक्के किंवा जास्त मिळतं, उजव्या बाजूला थोडं कमी. खरी भीती एव्ही नोडला इजा होण्याची. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, पण तसं झालं तर कायमचा पेसमेकर लागू शकतो. पंधराव्या वर्षी बसवलेल्या पेसमेकरची बॅटरी आयुष्यात अनेकदा बदलावी लागते. म्हणून वाट नोडला लागून असेल तर क्रायोचा (गोठवून डाग देण्याचा) पर्याय विचारा. रेडिओफ्रिक्वेन्सी ऊतक तापवून डाग देते. क्रायो आधी सुमारे उणे 30 अंशांवर जागा तपासते आणि नोडवर परिणाम दिसला की थांबता येतं. कायमचा डाग उणे 70 किंवा त्याखाली जाऊन देतात. त्याच्या बदल्यात क्रायोनंतर त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त. आम्ही हा सौदा स्वीकारला: दुसऱ्यांदा यावं लागलं तरी चालेल, पेसमेकर नको. नोडच्या फार जवळ गेलात तर काम अर्धवट सोडून बाहेर या, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं. मूल टेबलावर भूल देऊन झोपलेलं असताना हा विचार करायची वेळ येऊ नये.

डॉक्टरांना आणखी विचारा: या वयाच्या किती मुलांवर तुम्ही वर्षाला ही प्रक्रिया करता, थ्रीडी मॅपिंगने एक्स-रे किती कमी होईल, भूल कोण देणार. आणि मुलीला त्यांच्याशी एकटीने बोलू द्या. तिचे प्रश्न आपल्या प्रश्नांहून वेगळे असतात: कपडे किती काढावे लागतील, जांघेत व्रण राहील का, मैदानावर कधी जाता येईल. तिचा होकार मिळाल्याशिवाय तातडी नसलेली प्रक्रिया पुढे रेटू नये, असं मला मनापासून वाटतं.

गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतात. त्या शरीरातून पूर्ण जायला हव्यात, नाहीतर ईपी स्टडीत (हृदयातल्या विद्युत वाटांच्या आतून केलेल्या तपासणीत) झटका सुरूच होत नाही. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर आत जातात, हृदयाला बारीक विद्युत ठोके देऊन झटका मुद्दाम आणतात, गरज पडल्यास ठोके वाढवणारं आयसोप्रिनॅलिन देतात. काही प्रकार भुलीखाली दबतात. झटका आलाच नाही आणि जादा वाटही सापडली नाही, तर डाग न देता परतावं लागू शकतं, याची मनाची तयारी ठेवा. डाग दिल्यावर सुमारे अर्धा तास थांबून पुन्हा झटका आणून पाहतात. नंतर चार ते सहा तास पाय न वाकवता उताणं पडून राहायचं. जांघेत काळंनिळं होतं, ते साधं. सूज वाढत गेली किंवा रक्त आलं तर तिथे घट्ट दाबून लगेच कळवायचं. डाव्या बाजूचं काम असेल तर काही आठवडे अ‍ॅस्पिरिन देतात. साधारण आठवडाभर वजन उचलणं आणि जोराचे खेळ बंद.

पहिले काही आठवडे एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, ‘आता सुरू होणार’ असं वाटतं आणि काहीच होत नाही. बसल्या जागची नाडीही थोडी जलद राहू शकते. हे त्रास परत आल्याचं लक्षण नाही. पूर्वीसारखा एका ठोक्यात सुरू होणारा लांब झटका आला तर मात्र पुन्हा 12 लीडचा ईसीजी. तो ताडून पाहता यावा म्हणून प्रक्रियेआधीचा, झटक्यातला आणि नंतरचा, असे तिन्ही ईसीजी आणि ईपी स्टडीचा पूर्ण अहवाल घरी ठेवा. डाग कुठे आणि कोणत्या पद्धतीने दिला, हे त्या अहवालात लिहिलंय ना, ते डिस्चार्जच्या वेळीच वाचून घ्या.