शिवलेली उलांडी होडी : विकण्याआधीचं काम कुठवर आलं

होडी १८ फुटी. फळ्या आंब्याच्या, २५ मिमी जाड, काथ्याने शिवलेल्या, एका अंगाला उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून आडव्या दांड्यांनी बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड. घरात हिला वापरणारं कोणी उरलं नाही, म्हणून विकायची ठरली. घेणाऱ्याचा पहिला निरोप होता, "वरून फायबर मारून द्या." ते होणार नाही. लाकूड ओलीबरोबर फुगतं आणि आटतं, शिवलेल्या फळ्या तर लाटेबरोबर हलतातही. फायबर हलत नाही, त्यामुळे ते शिवणीवरून सुटतं. मग आत पाणी कोंडून फळी कुजते आणि बाहेरून काही दिसतही नाही. ऑइल पेंटही नको. घेणाऱ्याला टाका न् टाका दिसला पाहिजे.

टाके तपासून झाले. टोचा, म्हणजे टोकदार हत्यार, दोरीखाली घालून हलका पिळायचा. चांगला काथ्या करकरतो आणि जागेवर परत बसतो, कुजलेला असेल तर भुसा होतो. बाहेरून टाके झिजतात ते तळाला, वाळूवर ओढताना. म्हणून दोन भोकांमधे फळीत खाच असते आणि दोरी तिच्यात बुडून बसते. इथे खाचाच घासून उथळ झाल्या होत्या, त्या पटाशीने पुन्हा ४ मिमी खोल केल्या. आतली कुज मात्र तळात साचलेल्या पावसाच्या पाण्याची. खाऱ्या पाण्यात काथ्या टिकतो, गोड्या पाण्यात लवकर कुजतो. पावसाळ्यात नाळ उंच ठेवून तळाचं बूच काढायचं आणि वर झावळ्यांचे झाप घालायचे. हे करायचं राहिलं की पुढची सगळी दुरुस्ती त्यातून येते.

सध्या तळाच्या शिवणीचं काम चालू आहे. पूर्ण शिवण एकदम उसवायची नाही, फळ्या उसळतात आणि पुन्हा ओळीत येत नाहीत. एका वेळी फूटभर उसवायचं आणि दोन्ही बाजूंना शिकंजा लावून ठेवायचा. भोकं ८ मिमीची, फळीच्या कडेपासून २० मिमीवर, एकमेकांपासून साधारण ५० मिमी. जुनी भोकं शाबूत असतील तर तीच वापरावीत. नवी पाडली की कड कमजोर होते. सांध्यावर आतून काथ्याची जाड वळी ठेवायची आणि दोरी तिच्यावरून फुलीसारखी ओवायची. एक माणूस आत, एक बाहेर. दोरी भिजवून घ्यावी, आणि प्रत्येक ओढीनंतर भोकात लाकडी खुंटी ठोकून ताण धरून ठेवावा, नाहीतर पुढचा टाका ओढताना मागचा ढिला पडतो. शेवटी खुंटी काढून भोकात काथ्याचा बोळा आणि राळ भरायची.

नायलॉनबद्दल बरेच जण विचारतात. नायलॉन कुजत नाही हे खरं, पण भार आला की ताणतो, भोकाची कड कापतो आणि फुगून भोक भरत नाही. अर्धे टाके नायलॉनचे, अर्धे काथ्याचे, हे तर सगळ्यात वाईट. ताण सारखा वाटला जात नाही आणि काथ्याचे टाके एकेक करून तुटतात. शिवलेलं जहाज म्हणजे जुनाट प्रकार, असं अजूनही ऐकू येतं. 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिवलेलं शिडाचं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं, तेही काथ्यानेच शिवलेलं आहे.

राळ : एक किलो पूड, अर्धा लिटर तेल, मंद आचेवर आणि उघड्यावरच. थेंब पाण्यात टाकून बोटाने वाकवावा. तुटला तर तेल वाढवा, चिकटून ओघळला तर राळ वाढवा. फळ्यांना आतबाहेर काजूच्या टरफलांचं तेल. हातमोजे हवेतच, त्याने कातडी भाजते आणि फोड येतात.

पुढचा टप्पा भिजवण्याचा. कोरडी होडी पाण्यात टाकली की फळ्यांमधून पाणी येणारच. फटी दिसल्या म्हणून कापूस ठासून भरू नका. फळ्या फुगल्या की त्यांना जागा उरत नाही आणि टाके तुटतात. खाडीच्या उथळ पाण्यात बांधून दोन भरत्या जाऊ द्याव्यात. पाणी कमी होत गेलं तर ठीक. तेवढंच येत राहिलं तर पूर्ण उपसून आतून कोरडी पुसावी, झिरपणारा टाका लगेच दिसतो. घेणाऱ्याला होडी याच अवस्थेत, पाण्यावर दाखवायची. वाळूवरच्या कोरड्या होडीचा भाव करण्यात अर्थ नाही.

इंजिन वेगळं विकत आहोत. त्याच्या थरथरीने मागचे टाके ढिले होतात आणि जोडीने विकलं तर इंजिनाच्या दोषापायी होडीचा भाव पडतो. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सील गेलंय. सील बदलून नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं.

कागदांचं काम विसार घेण्याआधी उरकावं. नोंदणी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांची नावं आणि सगळ्यांच्या संमतीच्या सह्या. सोसायटीचं कर्ज होतं तर थकबाकी नसल्याचा दाखला. मासेमारीचा परवाना होडीबरोबर आपोआप जात नाही, तो घेणाऱ्याने मत्स्यव्यवसाय कार्यालयातून स्वतःच्या नावे घ्यायचा.

उलांडीचं लाकूड पांगाऱ्याचं आहे आणि ते हलकंच राहिलंय, म्हणजे आत पाणी मुरलेलं नाही. आडव्या दांड्यांच्या बांधण्या मात्र मुद्दाम नव्या केल्या नाहीत. त्या घेणाऱ्याने स्वतः आवळाव्यात. उलांडी किती लांब ठेवायची हे होडीत काय भरणार त्यावर ठरतं. दोर, टोचा आणि उरलेली राळ होडीबरोबरच देणार आहोत.