तुम्ही विचारलंत म्हणून : "हे नॉइज वायलेशन खरं आहे का?"

टेपआऊट (चिपचं डिझाइन बनवायला पाठवणं) जवळ आला की हा प्रश्न येतोच. नॉइज वायलेशन म्हणजे शेजारच्या तारेच्या धक्क्यानं एखाद्या तारेवरचा सिग्नल बिघडू शकतो, ही तपासणीच्या टूलची तक्रार. मीटिंगमध्ये, चॅटवर, जाता-येता. "अगं, पण हे खरं आहे का?" म्हणजे टूल उगाच ओरडतंय ना, वेव्ह करून टाक ना, सूट देऊन सोड ना, असं म्हणायचं असतं हे मलाही कळतं. आजवर मी "मॉडेलप्रमाणे आहे" एवढंच म्हणत आले आणि समोरचा वैतागून निघून गेला, तर आता एकदाच सगळं लिहून टाकते.

टूल असं म्हणतच नाही की हे होईल. ते म्हणतं की हे होणार नाही असं मला दाखवता आलं नाही. शेजारची तार (अॅग्रेसर) कधी स्विच होते त्यावर धक्का खाणाऱ्या तारेचा, म्हणजे व्हिक्टिमचा, डिले, ती कधी स्विच होते हे तिच्या डिलेवर, आणि तो परत तिच्या शेजाऱ्यांवर. मग टूल आधी धरून चालतं की सगळे कधीही स्विच होऊ शकतात, त्यावरून विंडो, म्हणजे प्रत्येकीची स्विच होण्याची वेळेची पट्टी, काढतं, ज्यांच्या विंडो एकमेकांवर येत नाहीत त्यांना वगळतं, परत डिले काढतं, आणि थोड्या फेऱ्या झाल्या की थांबतं. जे वगळता आलं नाही ते तुमच्या रिपोर्टमध्ये. तेव्हा "पेसिमिस्टिक आहे" हे मला सांगू नका, मला माहितीये. ग्राफ बेस्ड रनमध्ये, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर सगळ्यात वाईट ते धरणाऱ्या, एका पिनचा वाईट स्लू (सिग्नलच्या चढ-उताराचा संथपणा) आणि दुसऱ्याच पिनचा उशिराचा अरायव्हल एकत्र चिकटतो, असा पाथ चिपवर असतही नाही. पाथ बेस्ड, म्हणजे एकेक पाथ वेगळा धरून, केलं की बरंच वायलेशन गळून पडतं. पण ते सगळीकडे, सगळ्या कॉर्नरला (प्रोसेस, व्होल्टेज, तापमानाच्या टोकांना), रोज? पाथ किती असतात ते जरा आठवा.

आणि "फ्रिक्वेन्सी थोडी कमी करू" हे तर कृपा करून बंदच करा. सेटअपच्या (डेटा क्लॉकच्या एजआधी पोचण्याच्या) डेल्टा डिलेला, म्हणजे धक्क्यानं वाढलेल्या उशिराला, चालेल ते. होल्डला (एजनंतर डेटा लगेच न बदलण्याला) क्लॉक पिरियडशी घेणंदेणं नाही, ग्लिचला (स्थिर तारेवर उठणाऱ्या क्षणिक उसळीला) तर त्याहून नाही.

आता त्या रिसेटचं, कारण तुमच्यातले निम्मे लोक खरं तर त्याबद्दलच विचारत असता.

असिंक्रोनस रिसेटची, म्हणजे क्लॉकची वाट न बघता लागू होणाऱ्या रिसेटची, शेवटची फांदी दोन मेमरींच्या मधल्या अरुंद चॅनेलमधून एका बसला (तारांच्या जुडग्याला) लागून लांबवर गेली होती. टूल म्हणत होतं की बसचे बरेच बिट एकदम चढले तर फ्लॉपच्या (एक बिट साठवणाऱ्या सर्किटच्या) रिसेट पिनवर मार्जिनच्या वर ग्लिच येतो. डिझायनर म्हणाला, बस वन-हॉट आहे, म्हणजे एका वेळी एकच बिट वर, एक बिट चढतो तेव्हा दुसरा उतरतो, धक्के एकमेकांना खातात, दोन बिट एकदम चढूच शकत नाहीत. बरोबरच होतं त्याचं, आणि टूलला हे कळायला मार्ग नव्हता. मी वेव्हर लिहायलाही घेतला होता. मग डीएफटीवालीनं (चिपची टेस्ट करता यावी हे बघणारी) सहज विचारलं, स्कॅनमध्ये, म्हणजे टेस्टच्या मोडमध्ये, काय? शिफ्ट, म्हणजे टेस्टची बिटं फ्लॉपमधून पुढे सरकवणं, चालू असताना त्याच फ्लॉपमधून वाट्टेल तो पॅटर्न जातो, तिथे कसलं आलंय वन-हॉट. रिसेट मुळाशी बांधून ठेवलेला असतो हे खरं, पण ग्लिच मुळाशी येत नाही, शेवटच्या फांदीवर येतो. शिफ्ट क्लॉक हळू असतो म्हणाल, तर एज तेवढीच तीव्र राहते.

त्यावर वाद बदलला. "म्हणजे फार तर टेस्ट फेल होईल, ग्राहकाकडे तर चालेल ना?" म्हणजे चांगल्या चिप वाईट म्हणून फेकायच्या, किंवा ती बिटं मास्क करून (टेस्टमध्ये न बघता) टेस्टचं कव्हरेज सोडायचं. मी त्या तुकड्याचं स्पाइस, म्हणजे ट्रान्झिस्टर पातळीचं सिम्युलेशन, केलं. एका कॉर्नरला फ्लॉप खरंच रिसेट झाला, बाकीच्यांत नाही, आणि त्या कॉर्नरलाही अॅग्रेसरचं अलाइनमेंट (एकदम स्विच होण्याची वेळ) जरासं सरकवलं की काही नाही. एकच प्लॉट, तो बघून मी म्हटलं "बघा", आणि तो बघूनच डिझायनर म्हणाला "बघ". मी सही केली नाही. फ्रीझ केलेला ब्लॉक उघडावा लागला, चॅनेलमध्ये स्पेसिंगला जागा नाही म्हणून ती तार मेमरीला वळसा घालून नेली, परत एक्स्ट्रॅक्शन (तारांचा रेझिस्टन्स-कपॅसिटन्स काढणं), परत सगळे कॉर्नर, परत फिजिकल व्हेरिफिकेशन, आणि तारीख पुढे गेली ती माझ्या नावावर.

चिप नीट चालली. तेव्हापासून ऐकतेय, "बघ, काही झालं नाही." अरे, तार हलवल्यावर काय होणार होतं? न हलवलेली चिप कुणीच बनवली नाही, तुलना कशाशी करायची? पण खरं सांगते, रात्री कधी मलाही वाटतं की ते अलाइनमेंट टेस्टरवर कधी आलंच नसतं.

सुरुवातीच्या काळात माझं मत सरळ होतं, जेवढं पेसिमिझम तेवढं सुरक्षित. तेव्हाच्या माझ्याशी आता भांडावंसं वाटतं. खोट्या वायलेशनसाठी व्हिक्टिमचा ड्रायव्हर मोठा केला की पॉवर वाढते आणि तोच ड्रायव्हर शेजाऱ्यांचा अॅग्रेसर होतो, एक रिपोर्ट साफ करताना दुसरा भरतो. ती तेव्हाची मी मात्र ऐकणार नाही, म्हणेल मग त्या रिसेटला का अडून बसलीस? आणि ह्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. असिंक्रोनस पिनला चूक सावरायला पुढची क्लॉक एज नसते, डेटाच्या तारेवरचा ग्लिच एज येईपर्यंत बसला तर बसतो, एवढंच म्हणेन.

तर मागणी एवढीच, "हे कधीच एकदम स्विच होत नाहीत" असं तोंडी सांगू नका, कन्स्ट्रेंट (टूलला दिलेली लेखी अट) म्हणून द्या, आणि फंक्शनल, शिफ्ट, कॅप्चर (टेस्टचा निकाल फ्लॉपमध्ये पकडणं) प्रत्येक मोडचा वेगळा द्या. तुमच्या कालच्या यादीतली बरीचशी वायलेशनं खोटी निघतील, कुठली ते पाथ बेस्ड रन झाला की सांगते. क्लॉक आणि रिसेटवरची आहेत ती वेव्ह होणार नाहीत, त्यासाठी चॅटवर परत परत पिंग करू नका.